डबा ठेवला की शून्य

मी ज्या पिठाच्या गिरणीत काम करतो तिच्याच माळ्यावर झोपतो, आणि झोपताना माझ्या डोक्यावर सहा मुलींचे चेहरे असतात. फ्लेक्सचे चेहरे. पत्रा गळतो म्हणून आतल्या बाजूने फ्लेक्स ठोकलेत, आणि आमच्या पाड्यात जुना फ्लेक्स म्हटला की तो कबड्डीचाच. प्रत्येकीच्या खाली 'भावी राष्ट्रीय खेळाडू' असं लिहिलंय. सहापैकी एकही राष्ट्रीयपर्यंत गेली नाही. एकीच्या कपाळातून पंख्याचा हूक खाली आलाय.

मी उदगीरकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, का सोडली हे विचारायला घरात कुणाला वेळ नव्हता. बाळकुमला टॉवरच्या कामावर एका मिस्त्रीबरोबर आलेलो. काम संपलं, मिस्त्री दुसऱ्या गावी गेला, मी इथेच राहिलो कारण परत जायचं म्हणजे काय सांगून जायचं हे सुचेना. तेव्हा गिरणीच्या मालकाने, म्हणजे पाड्यातल्या क्रीडा मंडळाच्या अध्यक्षाने, विचारलं, "दळायला येतं काय रे?" मी म्हणालो, येतं. येत नव्हतं. पहिले आठ दिवस पाड्याने भरडच खाल्ली आणि कुणी काही बोललं नाही.

या माणसाला सगळे दादा म्हणतात, मीही म्हणतो. दादा मला अकरा वर्षांनंतरही पाव्हण्या म्हणतात. त्यात वाईट काही नाही. मला डेंगी झालेला तेव्हा याच पाड्यातल्या बायकांनी आळीपाळीने पपईच्या पानाचा रस आणून पाजला, आणि मी थुंकू नये म्हणून समोर बसून राहिल्या. असं माझ्या गावात माझ्यासाठी कुणी बसलं नव्हतं. तरी माझी बॅग खाटेखाली भरलेलीच असते. कुणी जा म्हणालं तर निघायला वेळ लागू नये.

हे आधी सांगतो, कारण पुढे मी जे केलं ते या लोकांना फसवून केलं.

बाळकुमच्या शेतांवर आता टॉवर आहेत. पाड्याकडे पाड्याची घरं, देवीचं देऊळ, आणि टॉवरांच्या मधे राहिलेलं एक मैदान उरलंय. त्या मैदानावर कबड्डी होते. जमीन गेली त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. कबड्डीबद्दल मात्र सकाळी दात घासतानाही बोलतात. आणि सगळ्यात जास्त बोलतात ते मुलींच्या किशोरी गटाबद्दल, कारण पुरुषांच्या संघाने पाड्याला इतक्या वेळा तोंडघशी पाडलंय की त्यांच्यावर आता कुणी आशा लावत नाही.

किशोरी गटाला पंचावन्न किलोची मर्यादा. सामन्याच्या सकाळी वजन होतं. पंचावन्नच्या वर काटा गेला की मुलगी बाद, मग ती कितीही चांगली खेळू दे.

त्या वर्षी आमच्याकडे जी मुलगी होती तिच्यासारखी चढाई मी तरी पाहिली नाही. चौदा वर्षांची, उंच, हाताचे पंजे मोठे. तिची आई कळव्याच्या बाजारात मासळी विकते. पोर समोरच्या संघात घुसायची ती एखाद्या घरात आपलं काहीतरी विसरलंय आणि ते घ्यायला आल्यासारखी, न घाबरता, न धावता. हात लावायची आणि परत. दादा म्हणायचे, "ही पोर पाड्याचं नाव काढील." अडचण एकच होती. पोर वाढत होती.

"चौदा वर्साची हाय," तिची आई म्हणायची. "वाढनार नाय तं काय करनार?"

"वाढू दे ना वहिनी," मंडळाचे सर म्हणायचे. सर म्हणजे प्रशिक्षक. दिवसा एका कारखान्यात सुपरवायझर, संध्याकाळी गळ्यात शिट्टी. "वाढू दे. फक्त स्पर्धेनंतर वाढ म्हणावं."

पाड्यात भरवशाचा काटा एकच, तो माझ्या गिरणीत. म्हणून रोज सकाळी दळण सुरू व्हायच्या आधी पोर यायची, चपला काढायची, काट्यावर उभी राहायची, आणि मी आकडा बाहेर फळ्यावर लिहायचो. हा फळा आधी 'ज्वारी, बाजरी, तांदूळ, बेसन मिळेल' असा होता. दादांनी तो पुसून घेतला. आता त्यावर फक्त '५७.२' असं असायचं, आणि रिक्षावाले गाडी हळू करून वाचायचे. टॉवरमधल्या एका बाईंनी मला विचारलं, "हा कसला भाव आहे?" मी म्हणालो, मुलीचा. त्या दळण न घेताच गेल्या.

मग वजन समिती झाली. पाड्यातले तीन म्हातारे. त्यांचं काम पोर काय खाते त्यावर नजर ठेवणं. हळदी, साखरपुडा, बारसं, पोर कुठेही गेली की तिघे तिच्या पंक्तीला. तिच्या ताटात काही वाढलं गेलंच तर ते वाया जाऊ नये म्हणून तिघे खायचे. दोन महिन्यांत पोर दीड किलो उतरली आणि समिती मिळून अकरा किलो वाढली. समितीचं वजन फळ्यावर लिहायची पद्धत नव्हती.

गल्लीत तळण बंद झालं. पोरीच्या नाकात वास जाऊन तिचं मन चळू नये म्हणून. एका काकूंनी विसरून बोंबील तळले, तर त्यांना मंडळाच्या कट्ट्यावर बोलावून समज दिली. काकू म्हणाल्या, "मी खिडकी लावून तलले." सर म्हणाले, "वास खिडकी विचारतो का काकू?" दुसऱ्या पाड्याच्या मंडळाने पोरीच्या वाढदिवसाला केक पाठवला. समितीने तो कट म्हणून जप्त केला आणि पुरावा म्हणून तिथेच खाल्ला. देवीला नवस बोलताना तर भांडणच झालं. पोरीच्या वजनाइतके नारळ देऊ असं दादा बोलून गेले, आणि पुजारी म्हणाला, मग देवी तिचं वजन कमी का होऊ देईल, नारळ कमी मिळतील ना. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की नारळ सरांच्या वजनाचे द्यायचे.

मी या सगळ्यावर हसायचो. खोटं कशाला बोलू. मी हसायचो आणि आकडा लिहायचो.

एप्रिलमध्ये सरांनी रेनकोट आणला. पोरीने तो घालायचा आणि दुपारी चक्कीच्या मोटारीशेजारी बसायचं, घाम काढायला. गिरणीत उन्हाळ्यात मीच उभा राहू शकत नाही. ती बसायची, तोंड लाल, हातात पाण्याची बाटली नाही, कारण पाणी म्हणजे वजन. सर म्हणायचे, "चूळ भर, पण गिळू नको." आणि ती गिळत नाही ना हे बघायला मला सांगून जायचे.

"काका, तुमच्या गावाला असंच गरम असतं का?" तिने एकदा विचारलं.

"याच्याहून लई."

"मग तिकडचे सगळे पंचावन्नच्या आत असतील."

त्याच दिवसांत पाड्यातली दुसरी एक मुलगी दळण घ्यायला आलेली. मुलगी म्हणजे आता बावीसची. माझ्या छतावर पंख्याचा हूक जिच्या कपाळातून आलाय ती हीच. तिनेही असंच वर्षानुवर्षं पाणी तोडून वजन बसवलेलं. आता तिच्या किडन्या काम करत नाहीत, आठवड्यातून दोनदा इस्पितळात रक्त साफ करायला जाते. पाड्यात कुणी दोन्ही गोष्टी जोडून बोलत नाही. पोर तिची पुतणी लागते, लांबची. ती रेनकोटमधल्या पोरीकडे बघत उभी राहिली. मग वर छताकडे बघितलं, स्वतःच्या चेहऱ्याकडे.

"काय रे भाऊ," मला म्हणाली, "गलतं का माझ्यातून?"

मी म्हणालो, नाही, तुमचा फ्लेक्स चांगला आहे, जाड आहे. ती म्हणाली, "तेवरा तरी कामाला आला." पीठ घेतलं आणि भिंतीला हात लावत लावत गेली.

स्पर्धेला महिना राहिला असताना काटा पंचावन्न सातशेवर अडकला. काही केल्या उतरेना. तेव्हा सरांच्या लक्षात आलं की पोरीचे केस कमरेपर्यंत आहेत. केस कापले ते गिरणीतच, कारण कापून लगेच वजन करायचं होतं. आई आली नव्हती. वेणी काट्यावर ठेवली. एकशे साठ ग्रॅम.

"चला," सर म्हणाले. "श्रीगणेशा झाला."

सगळे गेल्यावर मी मागच्या बाजूला पोती लावत होतो. परत आलो तर पोर काट्याजवळ खाली बसलेली. मला वाटलं रडते. ती चक्कीच्या तोंडाखाली सांडलेलं ज्वारीचं गरम पीठ बोटाने गोळा करून खात होती. मला बघून थांबली नाही. फक्त म्हणाली, "काका, सांगू नका हां."

मी सांगितलं नाही. मी दुसरंच केलं.

आमच्या काट्याची एक पद्धत आहे, ती सांगतो. गिऱ्हाईक धान्य डब्यातून आणतं, आणि डब्याचं वजन धरायचं नसतं. म्हणून काटा चालू करतानाच त्यावर एक रिकामा डबा ठेवायचा. चालू होताना अंगावर जे असेल ते काटा शून्य धरतो. मग डबा काढला आणि दुसरं काही ठेवलं की डब्याएवढं वजन कमी दाखवतो. माझा स्टीलचा डबा झाकणासकट बरोबर दीड किलोचा. पोरीचं वजन करायचं असलं की मी आधी काटा बंद करून मोकळाच चालू करायचो. त्या दिवसापासून तसं करायचं सोडलं. डबा वर असताना काटा चालू, पोर आली की डबा उचलायचा. एवढंच. मधे क्षणभर आकड्याच्या आधी वजाची रेघ यायची, पण काट्याच्या तोंडावर पीठ बसू नये म्हणून फडकं असतंच.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर '५४.१' लागलं. पाड्यात फटाके वाजले. समितीने ठराव करून पोरीला रात्रीचं जेवण परत सुरू केलं, एक भाकरी आणि आमटी. गल्लीत तळण सुरू झालं. काकूंनी पहिले बोंबील मला आणून दिले, म्हणाल्या, "तुझ्या काट्याला यश आलं रे."

मी ते झाकून ठेवले. महिन्याने खऱ्या काट्यावर पोर उभी राहणार, पंचावन्नच्या वर जाणार, बाद होणार, आणि ज्या लोकांनी मला पपईचा रस पाजला ते माझ्या दारात येणार, हे मला दिसत होतं. रोज वाटायचं आज खरा आकडा लिहू. रोज पोर काट्यावरून उतरताना विचारायची, "आज जेवू ना काका?" आणि मी लिहायचो ते खोटंच.

स्पर्धा आमच्याच मैदानावर होती. जिल्ह्यातले बारा संघ. सकाळी सातला वजनाचा मंडप लागला, आणि साडेसातला कळलं की स्पर्धेचा काटा ज्या टेम्पोतून येत होता त्यात मॅटही होत्या, आणि मॅट काट्यावर ठेवलेल्या. काटा कुणी उभं राहायच्या आधीच शंभर दाखवत होता.

"पाव्हण्या," दादा मैदानातून ओरडले, "आपला काटा आण."

मी काटा खांद्यावर घेतला. डब्यात वायर ठेवली आणि डबा दुसऱ्या हातात. चालत मैदानापर्यंत पाच मिनिटं लागतात, मला वाटलं त्यात काहीतरी ठरेल. काही ठरलं नाही. मंडपात बारा संघांच्या मुली रांगेत बसल्या होत्या. ओठ पांढरे पडलेले. एक मुलगी वाटीत थुंकत होती, तोंडातलं पाणी कमी व्हावं म्हणून, आणि तिचे सर वाटीत बघत होते. आमची पोर शेवटी बसलेली. तिने माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं.

मी डब्यातून वायर काढली. डबा काट्यावर ठेवला. बटण दाबलं.

शून्य.

पंच वयस्कर होते, कडक, पांढऱ्या कपड्यातले. म्हणाले, "हा डबा कशाला?"

"डबा ठेवला की शून्य येतो साहेब," मी म्हणालो. यात खोटं काहीच नव्हतं.

पंचांनी वाकून बघितलं. शून्य होता. त्यांनी मान हलवली. पहिली मुलगी आली, मी डबा उचलला, ती चढली, मी आकडा वाचला. ती उतरली, मी लगेच डबा ठेवला. शून्य. दुसऱ्या संघाचा नंबर येईपर्यंत पंच स्वतःच म्हणायला लागले, "डबा. डबा ठेवा आधी. पद्धतीप्रमाणे होऊ द्या." एका संघाचे सर म्हणाले, आधी काटा मोकळा दाखवा, तर पंच त्यांच्यावरच भडकले. "मोकळा काटा कुठे बघितला तुम्ही? तुम्ही कधी दळण आणलंय का?"

आमची पोर आली. चौपन्न सहाशे. दादांनी मला मिठी मारली, अंगावरच्या पिठासकट.

पण खरी गंमत नंतर सुरू झाली. बाराच्या बारा संघांतल्या सगळ्या मुली पंचावन्नच्या आत बसल्या होत्या, आणि दीड-दीड किलो आत बसल्या होत्या. ज्या सरांनी मुलीला मोजून मोजून बरोबर चौपन्न नऊशेवर आणलेलं, त्यांना काट्याने त्रेपन्न चारशे दाखवले. ते मुलींवरच ओरडायला लागले. "एवढी कशाला उतरलीस? कुणी सांगितलेलं?" वजन झाल्या झाल्या सगळ्या मैदानाच्या कोपऱ्यातल्या वडापावच्या गाडीवर गेल्या. चार दिवसांची उपाशी पोटं, आणि एकेकीने तीन तीन, चार चार. दहा मिनिटांत गाडीवाल्याने नुसते पाव विकायला काढले. मंडपाच्या मागे उलट्या करणाऱ्या मुलींचीसुद्धा रांग लागलेली.

संध्याकाळी अंतिम सामना. आमचा पाडा आणि डोंबिवलीकडचा एक संघ. टॉवरच्या बाल्कन्या भरलेल्या, लोक मोबाइल धरून उभे. गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई त्यांची. त्यांची चढाईवाली आत आली, कबड्डी कबड्डी म्हणत. ही सकाळी वाटीत थुंकणारी मुलगी. दोन पावलं आत आली, तोंडातला आवाज बारीक झाला, गुडघे वाकले, आणि ती आमच्या अंगणात पडली. कुणी हात लावला नव्हता. तिचा हात मधल्या रेषेकडे पसरलेला, रेषेपासून वीतभर अलीकडे.

मग दोन्हीकडून सुरू झालं.

"दम सुटला. बाद द्या."

"दम सुटला नाही, शुद्ध गेली. शुद्ध गेल्यावर दम सुटला असं धरत नाहीत."

"हात बघा, हात. हलवू नका कुणी तिला."

पंच शिट्टी तोंडात धरून उभे, वाजवत नव्हते. त्यांचे सर आत येऊ देत नव्हते कुणाला, पाण्याची बाटली घेऊन आलेल्या त्यांच्याच मुलीला त्यांनी मागे ढकललं, म्हणाले, स्पर्श धरतील. आमच्या वजन समितीतला एक म्हातारा पळत जाऊन मोजायची टेप घेऊन आला. मला आठवतं, मी कडेला डबा मांडीवर घेऊन बसलेलो, आणि मला वाटत होतं आता कुणीतरी तिला उचलेल. आता उचलेल. मीही उठलो नाही.

आमची पोर कोपऱ्यात उभी होती. ती चालत आली, नेहमीसारखी, काहीतरी विसरलेलं घ्यायला आल्यासारखी. वाकली आणि त्या मुलीला दोन्ही हातांवर घेतलं.

"ठेव," दादा ओरडले. "ए पोरी, ठेव तिला खाली."

मग अख्खा पाडा ओरडायला लागला, ठेव, खाली ठेव. कारण नियम सगळ्यांना पाठ. चढाईवालीला हात लावला आणि ती रेषेपलीकडे पोचली की हात लावणारी बाद, गुण त्यांना. पोरीला हे आमच्याहून चांगलं माहीत होतं. तिने त्या मुलीला उचलून रेषेपलीकडे नेलं, पाण्याच्या बाटलीपाशी ठेवलं, आणि तिचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन बसली. पंचांनी शिट्टी वाजवली. आम्ही एका गुणाने हरलो. ती मुलगी सलाइन लागल्यावर शुद्धीवर आली, हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेही मी फोन करून विचारलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक गिरणीतच झाली. मला चक्की बंद ठेवायला सांगितली. पोर काट्याशेजारी उभी, आई तिच्या मागे.

"का उचललीस?" दादांनी विचारलं. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

"ती हलकी होती," पोर म्हणाली.

"हलकी होती म्हणून उचलायची?" समितीतला म्हातारा म्हणाला. "मंग माझी नात पन हलकी हाय."

"नाय आजोबा. मना वाटलं माझ्याएवढी असेल. उचलली तं काहीच नव्हती. काकांच्या रिकाम्या डब्यासारखी." तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

सर म्हणाले, शिस्त म्हणून तिला एक वर्ष बाहेर ठेवावं. दादांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, फळा पुसला. दुपारपर्यंत नाक्यावरचा तिचा फ्लेक्स उतरला. पावसाळा तोंडावर होता. दादा स्वतः गुंडाळी घेऊन आले. "पाव्हण्या, पत्रा गळतोय ना अजून? घे."

माझ्या छतावर आता सात आहेत.

आठवड्याने पोर तांदळाचं दळण घेऊन आली. चक्की चालू असताना बोलायला बरं असतं, बाहेर ऐकू जात नाही.

"काका, काटा खोटा होता ना?"

मी पीठ चाळत राहिलो.

"शाळेत मेडिकल झालेली," ती म्हणाली. "तिकडे साडेपंचावन्न आणि तुमच्याकडे चौपन्न. पहिले वाटलं काटा बिघडलाय. मग बघितलं, तुम्ही आधीसारखा काटा बंद करून मोकळा चालू करत नाही, नुसता डबा उचलता."

"मग बोलली का नाहीस?"

"जेवायला मिळत होतं ना."

ही गोष्ट इथे संपली असती तर मी ती कुणाला सांगितली नसती. पण त्या पंचांना माझा काटा फार आवडला. त्यांनी दुसऱ्या पंचांना सांगितलं. गेल्या दोन वर्षांत डोंबिवली, कल्याण, कोपरी, जिथे मुलामुलींची कबड्डी असेल तिथून दादांना फोन येतो, तुमचा माणूस पाठवा, आणि डबा विसरू नका म्हणावं. दादांना याचा अभिमान आहे. हरलो तरी पाड्याचा काटा जिल्ह्यात चालतो. मला मंडळाचा टी-शर्ट मिळाला, पाठीवर 'वजन प्रमुख'. मी डबा ठेवतो, उचलतो, ठेवतो. मला वाटायचं, प्रत्येक पोराला दीड किलोचं जेवण देतोय. रात्री छताकडे बघून बरं वाटायचं.

मागच्या महिन्यात डोंबिवलीला एका संघाच्या सरांनी मला चहाला नेलं. जवळ सरकून म्हणाले, "वजन प्रमुख, तुमच्या काट्याला दीड किलोची माया आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. फक्त बोलत कुणी नाही."

मी चहा खाली ठेवला. "मग?"

"मग काय. आधी अठ्ठावन्नच्या मुली घ्यायचो, पंचावन्नवर आणायचो. आता साठच्या घेतो, साडेछप्पनवर आणतो. जास्त ताकदीची मुलगी मिळते. तुमचे उपकार आहेत."

"साठच्या साडेछप्पनवर कशा आणता?"

"रेनकोट," ते म्हणाले, आणि चहाचे पैसे त्यांनीच दिले.

हे मी पोरीला सांगितलं. ती आता सोळाची आहे. पाड्याकडून खेळत नाही, शाळेकडून खेळते, मोठ्या गटात. केस परत वाढलेत. एकोणसाठ किलो, मोकळ्या काट्यावर. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग डबा वर ठेवू नका."

"ठेवला नाही तर अर्ध्या मुली बाद होतील."

"होऊ दे बाद. आईला सांगते, डब्यात पेज भरून देईल. डबा खाली ठेवा, रांगेच्या सुरुवातीला. झाकन काढून. वजनाच्या आधी."

"आधी कोण खाणार?"

"मी होते ना रांगेत," ती म्हणाली. "मी खाल्ली असती."

उद्या कोपरीला स्पर्धा आहे. सात वाजता वजन. डबा मी दुपारीच घासून तिच्या घरी दिला, आणि तिच्या आईने तो हातात घेऊन विचारलं, "मीठ घालू ना नेहमीएवढं?" मी म्हणालो, घाला. दादांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगायला गेलो तर त्यांनी माझ्या टी-शर्टची बाही सरळ केली आणि म्हणाले, पाव्हण्या, पाड्याचं नाव आहे तुझ्या पाठीवर. मी तसाच परत आलो. ज्यांनी ठेवून घेतलं त्यांनाच उद्या संध्याकाळी मी कळणार आहे, बारा संघांकडून, फोनवर.

बॅग खाटेखालून काढून दाराशी ठेवली आहे. टी-शर्ट धुऊन तिच्यावर घडी घालून ठेवलाय, म्हणजे मागितला तर लगेच देता येईल. काट्याची वायर या वेळी पिशवीत घेतली, डब्यात जागा नसेल.